पहिला दिवस विचारणाऱ्याचा

“बोल, दिल्ली,” बशीतला चहा फुंकत बाबा म्हणाले. “तुझं म्हणणं काय?”

“आज मला म्हणणं नसतं,” मी म्हणाले. “आज मी फक्त विचारायचं.”

“मग विचार.”

“ज्वारी इथं पिकली म्हणून ती इथलीच कशी?”

“इथल्या जमिनीत पिकली, इथल्या कालव्यावर पिकली, इथल्या बाजारात आली. शेती माझी, बाजार माझा, खाणारी तोंडं माझी. उद्या बाजारात दंगा झाला तर शिपाई कोण पाठवणार? तू?”

“शिपाई तुम्हीच पाठवायचे.”

“बघा हरकरे, म्हणजे लाठी आम्ही चालवायची आणि कोठाराची किल्ली हिच्या कमरेला.” बाबांनी बशी खाली ठेवली. “असा संसार चालत नाही. राज्य कुठून चालणार?”

वेणूआत्या खाली बसून अंबाडीची पानं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, “दिल्ली सरकार, वाद आटोपला की चार लसूण सोला. राज्याला रात्री जेवायला लागतं.”

हरकरे हसावं की नाही अशा बेतानं खुर्चीच्या कडेवर बसले होते. जिल्हा कोर्टातून बदलून नुकतेच बाबांच्या हाताखाली आले होते. किडकिडीत, मान लांब, काळी टोपी गुडघ्यावर. धोतराचा काठ सायकलच्या साखळीत अडकून काळा झाला होता आणि ते तो डाग हातानं झाकत होते. एक फाईल घेऊन आले होते. बाबांनी ती उघडूही दिली नाही. “फाईल राहू द्या, पन्हं घ्या,” म्हणून त्यांना बसवून घेतलं होतं.

बाबा तेव्हा राज्य सरकारचे कायदे सल्लागार होते. ते राज्य आता नकाशावर नाही. भाषेप्रमाणे नवी राज्यं झाली तेव्हा त्याचे तुकडे झाले, म्हणून त्याचं नाव इथं लिहीत नाही. घटना नवीन होती. बाबा म्हणत, अजून दुधाचे दात आहेत, चावेल पण लागणार नाही. कुठला अधिकार राज्याचा आणि कुठला दिल्लीचा हे तेव्हा अनुभवानं कुणालाच ठाऊक नव्हतं. जो तो वाचून ठरवी आणि जो तो आपल्याला हवं तसं वाची. मग एखादं खातं बाबांना लेखी प्रश्न पाठवायचं, की अमुक एक गोष्ट करायचा आम्हाला अधिकार आहे का. बाबा उत्तर देत.

त्या वेळचा प्रश्न पुरवठा खात्याचा होता. आमच्या राज्याच्या सीमेवर नदी होती. नदीपलीकडच्या राज्यात लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. आमच्याकडची ज्वारी गाड्या भरभरून पलीकडे जात होती आणि आमच्या बाजारात भाव चढत होते. पलीकडे जाणारी ज्वारी नाक्यावर अडवण्याचा हुकूम राज्य सरकार आपल्या अधिकारात काढू शकतं का? एवढाच प्रश्न.

प्रश्न आला की बाबा लगेच लिहायला बसत नसत. त्यांची एक रीत होती. पहिला दिवस विचारणाऱ्याचा. ज्या खात्यानं प्रश्न केला असेल त्याच्या बाजूनं ते पहिल्या संध्याकाळी बोलत, आणि असं बोलत की त्यांना त्याचीच फी मिळणार आहे असं वाटावं. मी दिल्ली व्हायचं, पण उलटून बोलायचं नाही, नुसतं विचारायचं. दुसरा दिवस माझा. तेव्हा मी विरुद्ध बाजूनं बोलायचं आणि बाबा मलाच मदत करून आपलं कालचं बोलणं पाडायला निघत. त्यानंतर ते एकटेच टेकडीवर फिरून येत आणि लिहीत. काय लिहितील याचा अंदाज मला कधी आला नाही. मोटारींच्या परवान्याच्या वेळी मी दुसऱ्या दिवशी इतकी चांगली बोलले होते की बाबांनी उठून टाळी दिली. आणि लिहिलं मात्र राज्याच्या बाजूनं. मी रुसले तेव्हा म्हणाले, “टाळी बोलण्याला होती.”

आई होती तोवर दिल्ली तीच होती. ती गेल्यावर काही महिने ती खुर्ची रिकामी होती. मग एकदा बाबांनी मला बोलावलं, घटनेची प्रत हातात दिली आणि म्हणाले, “कादंबरीसारखी वाच. पात्रं थोडी आहेत, भांडणं पुष्कळ.” मी तेव्हा कॉलेजात होते. पुढे मुलींच्या शाळेत शिकवायला लागले तरी संध्याकाळी दिल्लीच राहिले.

ही रीत आमच्या घरात इतकी मुरली होती की ती परक्याला समजावून सांगावी लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाबा त्या संध्याकाळी फारच रंगात बोलले. ‘पिकवणाऱ्यानं उपाशी राहून पाहुण्याला वाढावं असं कुठल्या कलमात लिहिलंय?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा हरकऱ्यांनी नकळत मान डोलावली. उठताना ते म्हणाले, “साहेब, आता मला शंका उरली नाही.”

“उरली नाही?” बाबा हसले. “मग तुम्ही चांगले वकील व्हाल, हरकरे. चांगले सल्लागार व्हायचं असेल तर उद्या परत या.”

“उद्या जिल्ह्याला जायचंय, साहेब. परवा येतो.”

“बरं. परवा.”

हरकरे सायकल ढकलत फाटकाबाहेर गेले. आत्यानं अंबाडीची टोपली बाजूला सारली.

“नीळू,” ती म्हणाली. बाबांना त्या नावानं हाक मारणारी आता तीच एक उरली होती. “माझा रंगनाथ नदीपलीकडे आहे. त्याची पोरं इकडचीच ज्वारी खातात. ते कुठल्या कलमात बसतं?”

“म्हणून तर आज एवढ्या मोठ्यानं बोललो, अक्का,” बाबा म्हणाले.

बाबांनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “उद्या तुझा दिवस. तयारी करून ये. मागच्या वेळेसारखं कविता म्हणल्यासारखं बोलू नकोस.”

“मी कविता म्हणत नाही.”

“यमक जुळत होतं.”

उन्हाळ्याचे दिवस. आम्ही अंगणात खाटा टाकून झोपलो. बाबा घोरत होते, आत्या त्यांच्यावर कुरकुरत होती, आणि मी पडल्या पडल्या माझी बाजू जुळवत होते. काल-परवापर्यंत दर संस्थानाचा जकात नाका होता. नदी ओलांडली की दुसरं राज्य, दुसरा रुपया, दुसरा शिपाई. ते नाके उठवण्यासाठीच एवढा खटाटोप केला ना आपण? राज्याला अडवायचंच असेल तर अडवावं, पण सभेपुढे कायदा आणून आणि राष्ट्रपतींची आधी संमती घेऊन. नुसत्या हुकमानं नदीवर दोर बांधता येत नाही. मला वाटलं, हे बरं जमलंय. दोरावर बाबा खूश होतील.

सकाळी बाबांनी खिडकीच्या हुकाला आरसा टांगला आणि दाढीला बसले. मी आत चहा ठेवला.

त्यानंतरचं आत्या सांगायची. आमच्याकडे समाचाराला माणूस येतो, सतरंजीवर बसतो, थोडा वेळ गप्प राहतो आणि मग विचारतो, “कसं झालं?” मग घरच्यानं अगदी पहिल्यापासून सांगायचं असतं. काल जेवले काय, झोपले कसे, सकाळी उठून बोलले काय. येणाऱ्याला ते आधीच ठाऊक असलं तरी सांगायचं, आणि त्यानं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचं. आत्यानं ते किती जणांना सांगितलं कोण जाणे. प्रत्येक वेळी तिचा आवाज त्याच ठिकाणी फाटायचा. ती सांगायला लागली की मी पाणी आणायला उठत असे. पाणी कुणी मागितलेलं नसे.

घरात सरकारी टेलिफोन होता. पहिल्याच दिवशी दुपारी तो वाजला. कुठल्या तरी खात्यातला माणूस होता, त्याला अजून कळलं नव्हतं.

“साहेब आहेत का?”

“बाहेर गेलेत,” मी म्हणाले.

“कधी येतील?”

“सांगता येत नाही.”

फोन ठेवून वळले तर आत्या दारात उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं. तारा शेजारच्या पेंढारकरकाकांनी केल्या. मजकूर काय लिहू, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणाले, तुम्हाला ठीक वाटेल ते लिहा.

मला भाऊ नाही. अग्नी बाबांच्या एका चुलतभावानं दिला. दुसऱ्या दिवशी रंगनाथ पोचला आणि पुढचे विधी त्यानं धरले. आत्याचा तो एकुलता एक. पूर्वी अंगानं भरलेला होता. आता सदरा खांद्यावरून घसरत होता. शेजारून आलेलं जेवण आम्ही वाढून घेत होतो, तेव्हा माझं लक्ष गेलं. भाकरी मोडताना तो दुसरा तळहात खाली धरायचा. कण पडले की तेही तोंडात टाकायचा. आत्यानंही ते पाहिलं. तिनं त्याच्या ताटात अजून एक भाकरी ठेवली आणि उठून आत गेली.

चौथ्या दिवशी हरकरे आले. जिल्ह्याहून परतल्यावर त्यांना कळलं होतं. सतरंजीवर बसून ते बराच वेळ टोपीची कड दुमडत राहिले. आत्यानं सगळं सांगितलं. त्यांनी खाली मान घालून ऐकलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताई, त्यातल्या त्यात एक गोष्ट चांगली झाली. साहेबांचं शेवटचं मत वाया गेलं नाही.”

“कुठलं मत?”

“ज्वारीचं. राज्याला अधिकार आहे हे. लेखी झालं नव्हतं, पण मी समोर होतो ना. कालच पुरवठा मंत्री आबासाहेबांना सांगितलं, लेखीही दिलं. साहेब जसे बोलले तसंच, शब्दाला शब्द. आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, हा हुकूम उमाळकर साहेबांच्या सल्ल्यानं निघतोय असं मी सभेत उभं राहून सांगीन.”

मी गप्प होते. हरकऱ्यांना ते दुःख वाटलं असावं.

“उद्या ते स्वतः समाचाराला येणार आहेत,” ते हळू आवाजात पुढे म्हणाले. “घरच्यांना भेटून मगच सही करीन, म्हणाले. असा मान कुणाला मिळतो?”

“हरकरे,” मी म्हणाले, “तो पहिला दिवस होता.”

“हो, पहिल्यांदाच आलो होतो मी.”

“तसं नाही. पहिला दिवस विचारणाऱ्याचा असतो.”

मी त्यांना रीत समजावून सांगितली. सांगताना ती मलाच जरा वेडगळ वाटली. एक म्हातारा आणि त्याची मुलगी संध्याकाळी अंगणाकडे तोंड करून दिल्ली-दिल्ली खेळतात. पण हरकऱ्यांना ती वेडगळ वाटली नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“मला कुणी सांगितलं नाही,” ते म्हणाले.

“नाही. आमच्या लक्षातच आलं नाही.”

“पण ते इतकं मनापासून बोलत होते.”

“नेहमीच बोलतात.”

“मग दुसऱ्या दिवशी काय म्हणणार होते?”

“दुसऱ्या दिवशी मी म्हणणार होते.”

“आणि शेवटी?”

मी सतरंजीची सुरकुती सारखी केली. हरकरे उठून ओट्याच्या कडेपर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

“मी लेखी देऊन बसलोय, ताई. आज फिरलो तर म्हणतील, याला व्यापाऱ्यांनी फिरवला. तरी मी सांगीन. माझी चूक मीच सांगीन. पण मग ते तुमच्याकडे वळतील. साहेबांचं घरी बोलणं कुणाशी होतं, हे आबासाहेबांना चांगलं माहीत आहे.” त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. “उद्या तुम्ही जे म्हणाल ते साहेबांचं मत होईल. हो म्हणालात तर नाका बंद. नाही म्हणालात तर गाड्या चालू. बघा आता.”

ते निघाले तेव्हा मी सवयीनं ‘या’ म्हणणार होते. समाचाराला आलेल्याला ‘या’ म्हणत नाहीत. आत्यानं डोळ्यांनीच मला थांबवलं.

फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत आत्या थांबली. मग म्हणाली, “तो नाहीच म्हणाला असता.”

“असेल,” मी म्हणाले.

“असेल काय? आई गेली तेव्हा तो मांडीवरचा होता. त्याला मी वाढवलं. त्याच्या पोटात काय आहे ते मला कळत नाही?”

“पोटातलं ते लिहीत नसत, आत्या.”

“तूच सांग ना मग. तुला काय वाटतं? काय म्हणाला असता?”

“मला वाटतं, नाही म्हणाले असते.”

“झालं तर. तेवढंच उद्या बोल.”

“मोटारींच्या वेळीही मला वाटलं होतं.”

“मोटारी आणि भाकरी सारखीच का गं तुला?” आत्याचा आवाज चढला. “एका शब्दाचं काम आहे. खोटं तरी कुठंय त्यात? तुला वाटतं तेच बोलायचंय.”

रंगनाथ खांबाला टेकून बसला होता. “आई, तिला नको टोचू,” तो म्हणाला. “शरयू, मी तुला काही म्हणत नाही. मामा असता तर त्यालाही म्हणालो नसतो. फक्त नाका लागणार असलाच तर एक दिवस आधी कळव. माझी दोन पोती तेवढी पलीकडे नेतो, मग खुशाल लावा.”

तो हसला. आम्ही कुणी हसलो नाही.

“कोणाला विचारून ठरवणार आहेस तू?” आत्यानं मला विचारलं.

“बाबांना,” असं माझ्या तोंडात आलं होतं. मी ओठ मिटले.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा राग उतरला. जवळ येऊन तिनं माझे केस कानामागे सारले. “तू अजून तोंडानं बोलली नाहीस, बाळ,” ती म्हणाली. “येणाऱ्याला सांगत नाहीस, मलाही सांगत नाहीस. फोनवर माणसाला बाहेर गेलेत म्हणून सांगितलंस.”

“सगळ्यांना ठाऊक आहे, आत्या.”

“त्यांना ठाऊक व्हावं म्हणून सांगतात का कुणी?”

मी पाणी आणायला उठले.

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण त्या वेळी मला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तो हुकूम निघाला नाही. सरकारनं सभेपुढे कायदा आणायचं ठरवलं आणि संमतीसाठी कागद दिल्लीला गेला. तो परत आला तेव्हा पाऊस लागला होता आणि नदीपलीकडे पेरण्या चालल्या होत्या. मधले महिने गाड्या जातच राहिल्या. रंगनाथची पोरं जगली. आमच्या बाजारात मात्र ज्येष्ठात धान्याचं एक दुकान फुटलं, लाठीमार झाला, आणि एक हमाल त्यात गेला. त्याचं नाव पेपरात आलं होतं. मी ते विसरलेले नाही. पुढच्या निवडणुकीत आबासाहेब गावंडे पडले. हरकरे पुढे कायदे सल्लागार झाले. ते प्रश्न कसे सोडवत मला माहीत नाही, पण त्यांच्याकडे एका दिवसात उत्तर मिळत नाही अशी खात्यांची तक्रार असे. बाबांनी काय लिहिलं असतं? मी तेव्हापासून पुष्कळ वाचलं. न्यायालयांचे पुढचे निकालही वाचले. त्यांतही दोन्ही बाजूंनी लिहिणारे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांची मोटार फाटकाबाहेर थांबली. मागच्या मोटारीतले लोक त्यांनी बाहेरच ठेवले. बरोबर फक्त हरकरे आले, आणि तेही पायरीवरच उभे राहिले. त्यांच्याकडे पाहून कळलं की त्यांनी आपल्याकडून सगळं सांगून टाकलं होतं.

आबासाहेब पुरवठा मंत्री होते, पण अंगाखांद्यानं शेतकरी. बाबांशी त्यांचं कागदावर भांडण आणि बाहेर मैत्री. मी खुर्ची पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सारली आणि सतरंजीवर मांडी घातली. उपरण्यानं तोंड पुसलं. थोडा वेळ खाली पाहत बसले. मग आत्याला विचारलं, “कसं झालं, बाई?”

आत्यानं सांगायला सुरुवात केली. मी उठले नाही. मंत्र्यापुढून उठणं बरं दिसलं नसतं, एवढंच कारण असेल. ते तिनं पहिल्यापासून सांगितलं. जेवणात अंबाडीची भाजी होती, रात्री घोरले, सकाळी उठून म्हणाले आज उकाडा फार. मला हे माहीत नव्हतं. उकाडा फार असं ते म्हणाले होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे तिचा आवाज फाटला. आबासाहेबांनी तिच्याकडे न पाहता मान हलवली आणि ती पदर तोंडाला लावून दाराशी जाऊन बसली. रंगनाथ तिच्यामागे उभा होता.

“हरकऱ्यांनी मले सांगितलं,” आबासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले. “चुकले ते. चुकला माणूस तोंडानं सांगते, म्हणजे चांगला माणूस हाय. त्याचं मले काही नाही. पण बेटा, आता मी काय करू? बाजारात बाया पहाटेपासून थैल्या घेऊन उभ्या राहतात. माह्या गावच्या हायेत त्या, मले नावानं हाक मारतात. नाका लावला तर पलीकडची लेकरं हायेत. तीही काही परकी नाहीत. मी वकील नाही. उमाळकर साहेब हो म्हणाले की मी हो म्हणलं, ते नाही म्हणाले की मी शिव्या देत देत नाही म्हणलं. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. गेलो का, हरकरे?”

“नाही, साहेब,” पायरीवरून हरकरे म्हणाले.

“मग आज तरी कायले जाऊ? त्यांच्या मनातलं तुले नाही तर कोणाले माहीत? तू म्हणशील ते मी त्यांचं समजतो. त्यावर एक शब्द बोलणार नाही.” ते पुढे वाकले. “साहेब काय म्हणतात, बेटा? हो का नाही?”

आत्या पदराआडून माझ्याकडे पाहत होती. रंगनाथ पाहत नव्हता. तो आपल्या पायांकडे बघत होता.

माझ्याजवळ वाक्य तयार होतं. नाके, संस्थानं, सभा, संमती, नदीवरचा दोर. नुसतं ‘मी म्हणते’च्या ऐवजी ‘बाबा म्हणतात’, एवढंच करायचं होतं. ते त्यांचंच वाटलं असतं. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून मला त्यांच्यासारखं बोलता येत होतं. ‘बाबा म्हणतात’ एवढं मी मनात म्हणूनही पाहिलं, आणि त्यांचा आवाज ऐकू येतो का म्हणून थांबले. ओट्यावर ऊन चढत होतं. रस्त्यावर कुणीतरी कल्हईवाला ओरडत गेला.

“आबासाहेब,” मी म्हणाले, “माझे वडील वारले.”

“हो बेटा,” ते गोंधळून म्हणाले. “म्हणून तर आलो.”

“दाढी करत होते. मी आत चहा ठेवला होता. वाटी पडल्याचा आवाज आला. मी आतूनच विचारलं, बाबा, साबणाची पडली का? ते बोलले नाहीत. मला वाटलं, तोंडाला फेस आहे म्हणून बोलत नाहीत. मी चहा गाळला. मग बाहेर आले.”

आत्यानं पदर तोंडावरून काढला होता.

“तुमच्या प्रश्नाचा एकच दिवस झाला होता,” मी म्हणाले. “त्यांचं मत व्हायचं होतं.”

“झालं असतं तर काय झालं असतं?”

“मला माहीत नाही.”

“तुले काय वाटते?”

“मला वाटतं ते माझं आहे. ते त्यांच्या नावावर नका घालू. हो म्हणून नको आणि नाही म्हणूनही नको.” माझा आवाज फाटला. आत्याचा फाटायचा तसाच. तरी मी बोलत राहिले. “तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारा, आबासाहेब. आता त्यांना विचारता येणार नाही. बाबा गेले.”